फोटोतला रूळ कुठला? मराठवाड्यातले जुने रेल्वे फोटो वाचताना

जुन्या रेल्वे फोटोखाली लिहिलेलं गावाचं नाव सगळ्यात शेवटी वाचावं. ते नाव बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्यानं लिहिलेलं नसतं. पुढे कधीतरी अल्बम लावणाऱ्यानं किंवा फोटो विकणाऱ्यानं अंदाजानं टाकलेलं असतं. 'मोमिनाबाद स्टेशन' असं लिहिलेला फोटो दिसला, तर मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, आणि अंबाजोगाईला रेल्वे नाही. 'उस्मानाबाद स्टेशन, छोटी गाडी' हेही असंच. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी बार्शीहून येडशीवरून लातूरला जायची, उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव शहर तिच्या वाटेवर नव्हतं. शहर रुळावर आलं ते लाइन ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला तेव्हा. असा फोटो खरा असेल तर बहुधा येडशीचा असतो. 'बार्शी रोड' लिहिलं असेल तर बार्शीत शोधू नका, ते कुर्डुवाडीचं जुनं नाव. 'नांदेर' आणि 'पुर्ली' ही मात्र चूक नाही, इंग्रजी अमदानीतली स्पेलिंगं आहेत.

मग सुरुवात कुठून करायची? रुळांपासून. इमारतीपासून नको, कारण एकाच लाइनवरच्या लहान स्टेशनांच्या इमारती एकाच नकाशाबरहुकूम, त्याच काळ्या दगडात बांधलेल्या असतात. परसोड्याची आणि पेडगावची इमारत फोटोत वेगळी सांगणं भल्याभल्यांना जमत नाही.

आधी गेज

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. मराठवाड्याचं एक बरं आहे. १९९० च्या दशकापर्यंत इथे तीन गेज होते आणि प्रत्येकाचा मुलूख ठरलेला होता. मनमाड–औरंगाबाद–जालना–परभणी–पूर्णा–नांदेड–मुदखेड–धर्माबाद ही निजामाच्या रेल्वेची गोदावरी खोऱ्याची लाइन १९०० च्या सुमारास झाली, ती मीटरगेज, म्हणजे १००० मिलीमीटर. पूर्णा–हिंगोली (१९१२), परभणी–परळी (१९२९) आणि मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा फाटाही मीटरगेजच. विकाराबादहून बीदर, उदगीर, लातूर रोडवरून परळीला येणारी लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलीमीटर. आणि कुर्डुवाडी–बार्शी–लातूर ही बार्शी लाइट नॅरोगेज, ७६२ मिलीमीटर. ती कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ ला सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. एकदा गेज कळला की शंभर स्टेशनांतली निम्म्याहून जास्त नावं यादीतून जातात.

गेज डोळ्यानं ठरवू नका, मोजा. फोटोत मोजपट्टी नसली तरी स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ओंडका, असतो. लाकडी स्लीपरचं माप ठरलेलं आहे: ब्रॉडगेजला २७५० मिलीमीटर लांब, मीटरगेजला १८००, नॅरोगेजला १५००. स्लीपरच्या लांबीला गेजनं भागा:

ब्रॉडगेज: १.६४
मीटरगेज: १.८०
नॅरोगेज: १.९७

समजा फोटोच्या पुढच्या भागात एक स्लीपर आडवा, कॅमेऱ्याला समांतर दिसतो. त्याची टोकापासून टोकापर्यंत लांबी २१२ पिक्सेल भरली आणि दोन रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर ११८. भागाकार १.८०, म्हणजे मीटरगेज. तिन्ही आकड्यांत जेमतेम नऊ-दहा टक्क्यांचा फरक आहे, म्हणून मोजण्यात चार टक्क्यांच्या वर चूक चालत नाही. स्लीपर शंभर पिक्सेलपेक्षा लहान दिसत असेल तर हा खटाटोप करू नका. पाच-सहा स्लीपर मोजून सरासरी घ्या.

यात फसतं ते दोन ठिकाणी. पहिलं, स्लीपरची टोकं खडीत बुडालेली असतात. मग लांबी कमी भरते, भागाकार खाली येतो आणि मीटरगेज ब्रॉडगेज वाटतं. उलटी चूक सहसा होत नाही, त्यामुळे १.६४ आला की टोक खरंच उघडं आहे का ते भिंग लावून बघा. दुसरं, लोखंडी स्लीपर. पन्हाळीसारख्या पोलादी स्लीपरची टोकं खाली वळवलेली असतात. ओतीव लोखंडाच्या सीएसटी-९ मध्ये तर आडवा ओंडकाच नसतो, दोन बाजूंना दोन थाळ्या आणि मध्ये जोडणारी पट्टी. तिथे हे गुणोत्तर लागू नाही. तिथे रुळाला रूळ जोडलेले सांधे मोजा. मीटरगेजचा प्रमाण रूळ १२ मीटरचा आणि ब्रॉडगेजचा १३ मीटरचा. एका फिशप्लेटपासून (सांध्यावर बोल्टनं कसलेली पट्टी) पुढच्या फिशप्लेटपर्यंत किती स्लीपर हे मीटरमधल्या लांबीत तीन ते सात मिळवून ठरवत. मीटरगेजला १५–१६ आणि ब्रॉडगेजला १७ ते २० असं सर्वसाधारण दिसतं, मुख्य लाइनला जास्त, सायडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या लाइनीला) कमी. याच सांध्यांवरून फोटोला मापही मिळतं: मीटरगेजला एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत १२ मीटर, म्हणजे फलाट किती लांब, वाघीण (मालाचा डबा) किती लांब, सगळं काढता येतं.

सिमेंटचे स्लीपर दिसले तर फोटो बहुधा गेज बदलल्यानंतरचा. मुख्य लाइन १९९० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली, बार्शी–लातूर आणि अकोल्याकडची लाइन त्यानंतर २००० च्या दशकात. मीटरगेजच्या रुळाशेजारी लांब सिमेंटचे स्लीपर रचून ठेवलेले असतील तर तो कामाच्या अगदी आधीचा फोटो, आणि असे फोटो तारखेच्या दृष्टीनं सोन्यासारखे.

इंजिनाचा क्रमांक वाचता आला तर गेजचं काम एका अक्षरात होतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे नॅरो. वायपी आणि वायजी ही वाफेची, वायडीएम-४ डिझेल. वायपी १९४९ पासूनची, त्यामुळे वायपी दिसणारा फोटो 'निजामकाळातला' म्हणून कुणी दाखवला तर हसून सोडून द्यावं.

फोटो उलटा तर नाही?

गेजनंतर हे बघायचं आणि यातच सगळ्यात जास्त लोक घसरतात. निगेटिव्ह उलटी धरून छापलेले फोटो ढिगानं आहेत. अक्षर दिसत असेल तर प्रश्न नाही, पण दुरून काढलेल्या फोटोत अक्षर नसतं. तेव्हा सिग्नल बघा.

जुन्या हाताच्या सिग्नलचा हात ड्रायव्हरच्या नजरेतून खांबाच्या डावीकडे असतो. हाताची पुढची बाजू तांबडी, टोकाकडे पांढरा पट्टा. मागची बाजू पांढरी, काळा पट्टा. काळ्या-पांढऱ्या फोटोत तांबडा गडद येतो. म्हणजे हात गडद आणि पट्टा फिका असेल तर तुम्ही पुढून बघताय, आणि तो हात खांबाच्या डावीकडेच दिसायला हवा. हात फिका आणि पट्टा गडद असेल तर मागून बघताय, तेव्हा तो उजवीकडे दिसतो. गडद हात उजवीकडे, फिका पट्टा — असं दिसलं की फोटो उलटा. आरशात धरून पुढचं काम करा. एक खबरदारी: जुन्या काचेच्या आणि सुरुवातीच्या फिल्मना तांबडा रंग दिसत नसे, म्हणून तांबडा जवळजवळ काळा येतो. नव्या फिल्मवर तो करडा येतो, त्यामुळे पट्टा नीट मोठा करून बघा, नुसत्या हाताच्या छटेवर जाऊ नका. हाताचं टोक माशाच्या शेपटीसारखं चिरलेलं असेल तर तो वॉर्नर, म्हणजे पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा, थांबायचा सिग्नल नाही, पण डाव्या-उजव्याचा नियम तोच.

दौलताबादच्या फोटोंना आणखी एक कसोटी आहे. रूळ किल्ल्याच्या दक्षिणेकडून जातो. दक्षिणेकडून बघताना देवगिरीचा डोंगर डावीकडे आणि चांदमिनार उजवीकडे येतो, कारण मिनार डोंगराच्या पूर्वेला पायथ्याशी आहे. फोटोत पुढे गाडी, मागे मिनार डावीकडे आणि डोंगर उजवीकडे असेल, तर फोटो किल्ल्याच्या उत्तरेकडून काढलेला हवा, आणि त्या बाजूला रूळच नाही. म्हणजे छपाई उलटी.

रुळांची मांडणी

आता यार्ड, म्हणजे स्टेशनातल्या सगळ्या लाइनींचा पसारा. फोटोच्या खालच्या कडेला आडवी रेघ मारा आणि त्या रेघेवर किती रूळ कापले जातात ते मोजा. लाइनी मोजू नका, रूळ मोजा. डावीकडून १, २, ३ असे क्रमांक टाका, मग प्रत्येक रूळ बोटानं धरून वर नेत जा आणि जोड्या जुळवा. विषम संख्या आली की कुठेतरी सांधा सुरू झालाय (इथे सांधा म्हणजे एका लाइनीतून दुसरी फुटते ती जागा, फिशप्लेटचा जोड नव्हे) किंवा मध्ये जादा रूळ आहे. क्रॉसिंगच्या (सांध्यात रूळ रुळाला कापतो त्या जागेच्या) समोर, फाटकावर आणि पुलावर असे जादा रूळ असतात. फाटकावरचा जादा रूळ पाहून 'इथे दोन गेज होते' असं म्हणणारे भेटतात. दोन गेजची एकच लाइन असेल तर तिसरा रूळ सलग पुढे जातो, फाटक संपलं म्हणून संपत नाही.

सांध्याची दिशा ओळखायची तर क्रॉसिंगचं नाक शोधा. दोन रूळ एकमेकांना कापतात तिथे टोकदार नाक असतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या रुळांना चिकटून छोटे रखवाले रूळ. नाकाचं टोक जिभेकडे, म्हणजे गाडीला वळवणाऱ्या सरकत्या निमुळत्या रुळाकडे, बघतं. म्हणजे जीभ फोटोत दिसत नसली तरी ती कुठल्या बाजूला आहे ते नाकावरून कळतं. लाइन किती वेगानं फुटते त्यालाही आकडा आहे. १:८½ च्या सांध्यात दर साडेआठ फुटाला एक फूट फरक, म्हणजे सुमारे पावणेसात अंश. १:१२ मध्ये पावणेपाच अंश. हा कोन फोटोतून मात्र सरळ मोजता येत नाही. लांबच्या लेन्सनं काढलेल्या फोटोत लांबी दबून जाते आणि साधा सांधा अंगावर आल्यासारखा तिरपा दिसतो. अशा वेळी नाकापासून जिभेच्या टोकापर्यंत किती स्लीपर ते मोजा, कोनाच्या वाटेला जाऊ नका.

लहान स्टेशनावर सर्वसाधारणपणे एक मुख्य लाइन, एक किंवा दोन लूप (मुख्य लाइनीतून फुटून पुढे तिलाच मिळणाऱ्या लाइनी), आणि मालधक्क्याची एक सायडिंग. मालधक्का ओळखायची खूण उंची. मीटरगेजच्या लहान स्टेशनांवर प्रवाशांचा फलाट रुळाच्या पातळीचा असायचा, धक्का मात्र वाघिणीच्या तळाइतका उंच दगडी. उंच भिंत बघून तोच मुख्य फलाट समजलं की सगळी मांडणी एका लाइननं सरकते. सायडिंग शेवटी बंद असते, तिथे मातीचा ढीग किंवा आडवा बफर असतो. लूप आणि मुख्य लाइन जुळतात तिथे दोन रुळांमध्ये चुन्यानं रंगवलेला दगड असतो, त्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली तरच शेजारची लाइन मोकळी. तो पांढरा ठिपका फोटोत दिसला की लूप कुठे मिळते ते रुळाआधी कळतं.

होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा, कंस घालून दोन-तीन खांबांचा असेल, तर त्यावर यार्डाचा नकाशाच लिहिलेला असतो. सगळ्यात उंच हात मुख्य लाइनचा, बुटके हात लूपचे. बुटका हात उंच हाताच्या डावीकडे असेल तर ती लूप ड्रायव्हरच्या डावीकडे. रुळांचा खडीत गोंधळ दिसत असेल तर हा कंस आधी वाचावा. (मागून बघत असाल तर डावं-उजवं उलटं, हे विसरून लोक तासन् तास घालवतात.)

पाण्याचा उभा नळ, राख पाडायचा खड्डा, कोळशाचा ओटा, टर्नटेबल यांतलं काही दिसलं की लहान स्टेशन बाद. पूर्णेला मीटरगेजचं इंजिन शेड होतं, तिथल्या फोटोत ही मंडळी भरपूर सापडतात. मागे जिनिंगचं धुराडं आणि धक्क्यावर कापसाच्या गाठी असतील, तर जालना, सेलू, मानवत रोड, परभणी अशी कापसाची ठाणी पुढे येतात. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नये, गाठी कुठेही चढत.

परळी वैजनाथ हे मात्र वेगळं प्रकरण. एकाच फोटोत १.६४ आणि १.८० असे दोन्ही भागाकार मिळाले आणि फोटो मराठवाड्यातला आहे हे नक्की असेल, तर तो परळीचा असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. परभणीहून आलेली मीटरगेज आणि विकाराबादहून आलेली ब्रॉडगेज तिथे भेटायच्या. गेज बदलला की माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागतो, म्हणून अशा ठिकाणी एकाच धक्क्याच्या एका कडेला एक गेज आणि दुसऱ्या कडेला दुसरा असतो. मधल्या छपराखाली हमालांची रांग दिसते, आणि धक्क्याची रुंदी पोती डोक्यावरून न्यायला बेताची ठेवलेली असते. फोटोत धक्क्याच्या दोन बाजूंच्या वाघिणींच्या रुंदीत फरक दिसतो का बघा. मीटरगेजची वाघीण ब्रॉडगेजशेजारी उभी केली की थोरल्या भावाशेजारी धाकटा उभा केल्यासारखी दिसते. हाच प्रकार मनमाडलाही होता, तेव्हा मराठवाडा की मनमाड हे मागच्या डोंगरांवरून ठरवा. मनमाडच्या आसपास अंकाई-टंकाईचे दोन सपाट माथे आणि मधली खिंड लपत नाही, परळीजवळ असलं काही नाही. नॅरोगेज आणि ब्रॉडगेज एकत्र दिसले तर कुर्डुवाडीकडे वळा.

जंक्शनचं कोडं सोडवायला आजच्या गाड्यांचा उपयोग होतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. गेज बदलला, इमारत बदलली, तरी फाटे कुठल्या बाजूनं फुटतात ते सहसा तसंच राहतं. मुदखेडला निजामाबादची आणि आदिलाबादची लाइन एकाच बाजूनं फुटतात, म्हणून सिकंदराबादहून आदिलाबादला जाणाऱ्या गाडीचं इंजिन मुदखेडला दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. फोटोत फाटा फलाटाच्या कुठल्या अंगाला आहे ते बघा आणि आज इंजिन कुठे फिरवतात त्याच्याशी ताडून घ्या.

दिशा, उंची, नकाशा

सावली विसरू नका. आपण १८–२० अक्षांशात आहोत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, आणि सावली दक्षिणेला पडते. बाकी वर्षभर दुपारची सावली उत्तरेला. डिसेंबरात तर भर दुपारीही खांबाची सावली जवळजवळ खांबाइतकी लांब. परदेशी पुस्तकातला 'दुपारची सावली नेहमी उत्तरेला' हा नियम आपल्या उन्हाळ्यात चुकतो.

स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते, आधी फुटांत आणि दशमान पद्धतीनंतर मीटरमध्ये. नाव पुसलं असलं तरी आकड्यातला पहिला अंक बरंच सांगतो. औरंगाबाद साडेपाचशे मीटरच्या वर, परभणी चारशेच्या आसपास, नांदेड चारशेच्या खाली. १२०० फुटांच्या आसपासचा आकडा नांदेडकडचा, १८०० च्या आसपासचा औरंगाबादकडचा. पाटीवर उर्दू ओळ असेल तर जुना काळ धरायला हरकत नाही, पण एकट्या तिच्यावर तारीख ठरवू नका.

वाघिणीवरची अक्षरं तारखेला उपयोगी, जागेला नाहीत, कारण वाघीण देशभर फिरते. निजामाच्या गॅरंटीड रेल्वेचं नाव एप्रिल १९३० ला निजाम स्टेट रेल्वे झालं. नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत गेली, ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वे. बार्शी लाइट १९५४ च्या जानेवारीत सरकारनं घेतली. नवी अक्षरं लगेच रंगवली जात नसत, म्हणून जुनं नाव दिसलं तर पुढची काही वर्षंही गृहीत धरा. नवं नाव दिसलं तर मात्र फोटो त्या तारखेच्या आधीचा असू शकत नाही.

मोठी नदी आणि पूल असेल तर प्रश्न सोपा होतो. मराठवाड्यात जुनी रेल्वे गोदावरी ओलांडते ती गंगाखेडजवळ, परभणी–परळी लाइनवर. मुख्य लाइन नांदेडपुढे नदीच्या उत्तरेनंच जाते आणि थेट बासरपाशी, आजच्या तेलंगणात, नदी पार करते. म्हणून 'नांदेडचा गोदावरीवरचा रेल्वे पूल' अशी ओळ दिसली की थांबा, गाळे मोजा, आणि आधी बासर तपासा.

नकाशाशी जुळवायला भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रकं घ्या. औरंगाबाद आणि जालना ४७-एम मध्ये, परभणी ५६-ए मध्ये, पूर्णा आणि नांदेड ५६-ई मध्ये, परळी आणि लातूर ५६-बी मध्ये येतात. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात केलेली १:२,५०,००० ची पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यांत लाइन दिसते, सायडिंग नाही. यार्डाच्या मापाला गूगल अर्थची जुनी चित्रं बरी. नॅरोगेज उखडल्यानंतरही शेतातून गेलेला तिचा वाकडा भराव काही ठिकाणी वरून स्पष्ट ओळखू येतो, कारण बार्शी लाइटची वळणं ब्रॉडगेजला परवडण्यासारखी नव्हती.

पोस्टकार्डाच्या आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की सुमारे २१०० × ३३०० पिक्सेल मिळतात, रुळांचे जोड मोजायला तेवढे पुरतात. निगेटिव्ह असेल तर २४०० च्या खाली जाऊ नका. स्कॅनरचं 'शार्प' बंद ठेवा, ते रुळाच्या कडेला खोटी पांढरी रेघ आणतं आणि सिग्नलच्या पट्ट्याचं वाटोळं करतं. फोटोची पाठही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथे असतो.

ओळख पटली की फाइलच्या नावात जागा, गेज, कॅमेऱ्याची दिशा आणि 'कशावरून' हे लिहा. 'येडशी, नॅरोगेज, पूर्वेकडे बघताना, भागाकार १.९६, पाच स्लीपरची सरासरी' असं. आणि मूळ खोटं नाव असेल तर तेही कंसात तसंच ठेवा, नाहीतर तोच फोटो दुसऱ्या कुणाकडे 'उस्मानाबाद' म्हणून पुन्हा फिरत येतो.